यंत्र जर्मनीचं, ऑफिस भोईवाड्याचं

भोईवाड्यात वैद्यकीय उपकरणं विकणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी टेंडरच्या कामाला लागले, तेव्हा माझी समजूत साधी होती: ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला ऑर्डर. पहिल्याच टेंडरमध्ये तीन पर्याय समोर आले. क्लास वन लोकल सप्लायर, क्लास टू आणि नॉन-लोकल. आमची नोंदणी मुंबईची, मालक लालबागचे, माल मात्र जर्मनीचा. मग आम्ही लोकल की नाही?

याचं उत्तर केंद्र सरकारच्या 15 जून 2017 च्या खरेदी आदेशात आहे, ज्याने 'मेक इन इंडिया'ला प्राधान्य दिलं. 2020 च्या सुधारणेनुसार वस्तूच्या किमतीतला निम्मा किंवा अधिक वाटा भारतात तयार झाला असेल तर क्लास वन, 20 टक्क्यांपासून निम्म्याच्या आत असेल तर क्लास टू, त्याखाली नॉन-लोकल. 200 कोटींपर्यंतच्या खरेदीला खास मंजुरीशिवाय जागतिक निविदा निघत नाही, आणि तशी निविदा नसेल तर नॉन-लोकलला बोलीच लावता येत नाही. पण हे प्रत्येक हॉस्पिटलला लागू नाही. टाटा मेमोरियल हॉस्पिटल केंद्राच्या अणुऊर्जा विभागाचं, म्हणून त्याला हे नियम. हाकेवरचं केईएम महापालिकेचं, त्याचे नियम वेगळे.

वाहतूक, यंत्र बसवणं, तंत्रज्ञांचं प्रशिक्षण, वार्षिक देखभाल हे सगळं आमचीच माणसं करतात. ते देशी धरायचं ना, असं मी हिशोब पाहणाऱ्या काकांना विचारलं.

"नाही गं. 2021 च्या खुलाशात तेच वगळलंय. आणि कस्टम ड्युटीसुद्धा आयातीच्याच खात्यात धर."

आपल्याच सरकारला भरलेली ड्युटी आयातीच्या खात्यात? काकांनी मग सूत्र लिहून दाखवलं: वस्तूच्या किमतीतून देशातले अप्रत्यक्ष कर काढायचे, मग ड्युटीसकट आयात मालाची किंमत वजा करायची. उरेल ते देशी. वस्तू घडवताना इथे काय भर पडली, तेवढंच मोजायचं. ते मला पटलं.

किमतीच्या चढाओढीतही माझी पहिली समजूत चुकलीच. समजा, 100 मॉनिटर हवेत आणि क्लास टू कंपनीचा दर सर्वांत कमी, एका नगाला 1 लाख. क्लास वनवाल्याचा 1 लाख 18 हजार. फरक 20 टक्क्यांच्या आत आहे, म्हणून त्याला विचारतात, 1 लाखात देतोस का? तो हो म्हणाला की निम्मे मॉनिटर त्याचे. सर्वांत स्वस्त असूनही क्लास टूवाल्याच्या हाती 50 उरतात.

कंपनी परदेशी आहे एवढ्यावरून मात्र ती बाद होत नाही. तिने इथे कारखाना काढून निम्मी किंमत इथे घडवली, तर तीही क्लास वन. आणि पूर्ण भारतीय मालकीचा आयातदार नॉन-लोकल. चीनने 2009 मध्ये याहून कडक वाट धरली होती. सरकारी खरेदीत प्राधान्य हवं तर वस्तूची बौद्धिक संपदाच चिनी मालकीची हवी, अशी ती अट. परदेशी कंपन्यांनी ओरड केली आणि 2011 मध्ये चीनला ती खरेदीपासून तोडावी लागली. देशी मालाला प्राधान्य देणं तसं नवं नाही; अमेरिकेचा 'बाय अमेरिकन' कायदा तर 1933 चा आहे.

आपल्या सूत्रात मला एक उणीव दिसते. ते रुपये मोजतं. यंत्राचा आराखडा कुणी केला, याला वेगळी जागा देत नाही. कर्करोगावरच्या उपचाराचं 'भाभाट्रॉन' हे कोबाल्ट यंत्र भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलं, बंगळुरूच्या पॅनेशिया कंपनीने ते बनवलं आणि पहिलं यंत्र टाटा मेमोरियलच्याच खारघरच्या केंद्रात बसलं. पण बाहेरून सुटे भाग आणून इथे जोडलेलं यंत्रसुद्धा 50 टक्के गाठू शकतं, आणि मग कागदावर दोन्ही क्लास वन.

हे बरोबर नाही. टक्केवारीच्या शेजारी 'आराखडा कुठे झाला' हा रकाना सरकारने घालावा आणि त्यालाही प्राधान्यात वजन द्यावं.