घर आहे, पण सापडत नाही!

नाशिकला गेलेली आपली कुटुंबे त्रिरश्मी लेणी पाहिल्याशिवाय सहसा परतत नाहीत. आम्हीही पायऱ्या चढून वर गेलो. डोंगरात 24 लेणी ओळीने कोरलेली आहेत आणि प्रत्येकीला क्रमांक आहे. तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा दानलेख आहे. भिक्खूंना दिलेले शेत कोणत्या गावचे, पूर्वी कोणाच्या ताब्यात होते आणि क्षेत्र 200 निवर्तने, एवढा तपशील त्यात कोरला आहे. सुमारे 1900 वर्षांपूर्वीही पत्ता बिनचूक लिहिण्याची ही काळजी!

डोंगर उतरून वस्त्यांत शिरलो की चित्र बदलते. सिडकोच्या घरांना मुळात क्रमांक होते. पुढे मजला चढला, जाळी बसली, पत्र्याची शेड आली आणि कित्येक घरांचा आकडा झाकला गेला. जुन्या नाशकात वाड्याच्या एकाच दारातून चार-पाच बिऱ्हाडांची वाट जाते. सातपूर-अंबडकडच्या कामगार वस्त्यांत खोलीला खोली लागून आहे. घरपट्टीच्या पावतीवर एक क्रमांक, वीजबिलावर दुसरा आणि दारावर कोणताच नाही!

पोस्टमन रोजचा, त्याला माणसे ठाऊक असतात. पण रात्री दोन वाजता येणारा रुग्णवाहिकेचा चालक नवखा असतो. महाराष्ट्रात 108 क्रमांकाची सेवा 2014 साली सुरू झाली. गाडी येते खरी, पण गल्लीच्या तोंडाशी थांबून विचारीत बसते. छातीत कळ आलेल्या माणसाला, अडलेल्या बाळंतिणीला तेवढा वेळ नसतो. त्यात सिद्धार्थनगर, भीमनगर, आंबेडकरनगर ही आपली आवडती नावे एकाच शहरात दोन-तीन ठिकाणी असू शकतात. म्हणून फोनवर वस्तीच्या नावाबरोबर रस्ता, जवळची शाळा किंवा बसथांबाही सांगावा.

गोदाकाठी दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. पाणी तिच्या कमरेला लागले की गळ्याला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. खूण मोठी आणि उघड्यावर आहे, म्हणून ती सर्वांच्या उपयोगी पडते. घराचा क्रमांकही तसाच हवा. अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या अग्निसुरक्षा नियमावलीत आकडे किमान 4 इंच उंच, पार्श्वभूमीहून वेगळ्या रंगाचे आणि रस्त्यावरून दिसणारे असावेत, असे म्हटले आहे. आपल्यालाही हे सहज जमेल.

पांढऱ्या पत्र्यावर काळे किंवा निळ्यावर पांढरे आकडे काढावेत. पाटी दारावर लावू नये. दार उघडले की ती आत जाते. ती चौकटीशेजारी भिंतीवर, दिव्याच्या उजेडात लावावी. तोरण, वेल, छत्र्या तिच्या आड येऊ देऊ नयेत. घर बोळात असेल तर बोळाच्या तोंडाशी 'घर क्र. 1 ते 20' अशी बाणासह पाटी लावावी. क्रमांक मनाने घालू नये, महापालिकेच्या कागदावरचाच घ्यावा. पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत घरात भिंतीवर चिकटवावा आणि मुलांकडून पाठ करून घ्यावा. संकटात थोरांची जीभ अडखळते. 108 किंवा 112 ला फोन केल्यावर बाहेरचा दिवा लावून एकाने नाक्यावर उभे राहावे.

रंगाचा एक लहान डबा साऱ्या गल्लीला पुरतो. मंडळाच्या तरुणांनी एका रविवारी हे काम अंगावर घ्यावे. सुरुवात म्हातारी माणसे एकटी राहतात त्या घरांपासून करावी.