आधी श्रवण, मग बोल

भक्तीच्या नऊ प्रकारांत पहिले श्रवण आणि दुसरे कीर्तन. आधी कान, मग मुख. अंगणवाडीत २३ वर्षे तान्ही लेकरे पाहताना मला उमगले, की माणसाच्या बोलण्याची वाटही हीच आहे. आईच्या पोटात शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला आवाज ऐकू येऊ लागतात. जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखते. दोन-तीन महिन्यांचे झाले की हुंकार देते, सहा-सात महिन्यांत ‘बाबाबा’, ‘मामामा’ घोळवते आणि वर्षाच्या आसपास पहिला अर्थाचा शब्द येतो. एका शब्दामागे वर्षभराचे श्रवण असते.

म्हणून मी आयांना सांगत असे, ‘बाई, तेल लावताना, न्हाऊ घालताना, भाकरी थापताना बाळाशी बोल. हे पाणी, हा काऊ, ही हम्मा. आणि बोलून झाले की जरा थांब.’ कीर्तनात बुवा चरण म्हणून थांबतात, तेव्हाच मागच्या टाळकऱ्यांना तो उचलता येतो. बाळालाही तेवढी जागा हवी. ते हसेल, पाय झाडेल, हुंकार देईल. तेच त्याचे उत्तर समजावे आणि पुन्हा आपण बोलावे. मोबाईल दिवसभर बोलतो, पण बाळाच्या हुंकारासाठी थांबत नाही.

हे सारे लोकांना सांगितले होते. पुढे ते माझ्याच घरात कसाला लागले. आमच्याकडे रोज संध्याकाळी हरिपाठ होतो. नातू आठ महिन्यांचा होता. टाळ समोर दिसले की तो हात नाचवी. पण पाठीमागे टाळ वाजले तर मान वळवीत नसे. सगळे म्हणत, ‘गुणाचे पोर आहे, कशालाच दचकत नाही.’ सून म्हणाली, ‘आत्या, ह्याचे बाबाही उशिराच बोलले म्हणतात. वाट पाहू या का?’ मी म्हटले, ‘बोलण्याची वाट पाहू गं, पण कान आधी तपासू.’

जिल्ह्याच्या दवाखान्यात त्याला झोपवून, डोक्याला तारा लावून बेरा चाचणी झाली. दोन्ही कानांना फार कमी ऐकू येत होते. सून त्या रात्री जेवली नाही. दहाव्या महिन्यात श्रवणयंत्र बसले. आईच्या बांगड्या वाजल्या आणि तो हातातले खेळणे सोडून नुसता पाहत राहिला.

यंत्राने आवाज आला; भाषा मात्र घरालाच द्यावी लागली. वाचाउपचार करणाऱ्या ताईंनी शिकवले, की त्याच्यासमोर उजेडात, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. तो बघतो आहे त्याचेच नाव घ्या. बोट दाखवले तर तो प्रश्न समजून उत्तर द्या. सुनेने हे रोज केले. आता तो अडीच वर्षांचा आहे आणि ‘मंमं दे’ असे दोन शब्द जोडतो. गलबल्यात हाक मारली तर अजूनही त्याला कळत नाही. उच्चार पुसट आहेत. कोणी हसले की मला ज्ञानोबाराय आठवतात. ज्ञानेश्वरीच्या आरंभी ते म्हणतात, की लेकरू बोबडे बोलले तरी आईबापांना अधिकच संतोष होतो. तो ‘पानी’च्या जागी ‘आनी’ म्हणाला, तर आम्ही चूक काढीत नाही. ‘हो, पाणी हवे ना?’ म्हणतो आणि भांडे पुढे करतो.

माउलींनो, आपल्या घरी लेकरू असेल तर एवढे पाहा. सहा महिन्यांचे बाळ आवाजाकडे वळते का? वर्षाचे झाल्यावर बोट दाखवते का, हाकेला ओ देते का? दीड वर्षाला काही शब्द, दोन वर्षांला दोन शब्दांची जोडणी आहे का? नसेल तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून बसू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येऊन मोफत तपासणी करते, त्यांना दाखवा. पहिल्या तीन वर्षांत मेंदू भाषा जितकी सहज घेतो, तितकी पुढे घेत नाही. आणि आज संध्याकाळी टाळ उचलाल, तेव्हा एकदा बाळाच्या पाठीमागे जाऊन हळूच वाजवून पाहा.