डोडोचं तिकीट

पोस्टाचं ते तिकीट तिच्याकडे आलं १९७४ साली. बोटीवर नोकरीला असलेले काका सुट्टीत चिपळूणला आले होते. त्यांनी दिलेल्या पाकिटाचा कोपरा कापून तिने वाटीतल्या पाण्यात भिजत घातला, कागद सुटल्यावर तिकीट वर्तमानपत्राच्या घडीत वाळवलं आणि वहीत चिकटवलं. तिकिटावर डोडो होता, जाडजूड चोचीचा. सतराव्या शतकातच नामशेष झालेला हा पक्षी फक्त मॉरिशसमध्ये असायचा, हे तिला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. तिकिटाने शिकवलं.

काकांनी तिकिटाबरोबर एक गोष्टही आणली होती. पोर्ट लुई बंदरात साखरेची पोती बोटीत चढत होती. हमालांपैकी एकाने काकांना चक्क मराठीत गाव विचारलं. काकांनी रत्नागिरी जिल्हा सांगताच तो म्हणाला, “आमचे पणजोबाही तिकडचेच. गाव मात्र घरात कुणाला सांगता येत नाही.”

कॉलेजात असताना तिला त्या देशाच्या तिकिटांचं मोल कळलं. १८४७ साली मॉरिशसने एक पेनी आणि दोन पेन्सची, प्रत्येकी फक्त पाचशे तिकिटं छापली. आज त्यांतली सत्तावीसच ठाऊक आहेत. एक पेनीची दोन तिकिटं लावलेलं एक पाकीट तर मुंबईला आलं होतं! १९६८ साली त्याच पाकिटाला लिलावात तीन लाख ऐंशी हजार डॉलर मिळाले. त्यानंतर जुन्या बाजारात पाकिटांचा गठ्ठा दिसला, की तिचे पाय आपोआप थांबत.

मग नोकरी, लग्न, मुलं, बदल्या. प्रत्येक बिऱ्हाडात वही सोबत आली. निवृत्तीनंतर एका संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर मॉरिशसचा नकाशा पसरला.

“समुद्रच बघायचा तर गुहागर काय वाईट?” तिच्या यजमानांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता, म्हणून तिने नीट उत्तर दिलं. तिथे जवळपास सगळ्या किनाऱ्याभोवती प्रवाळाची भिंत आहे. लाटा बाहेरच फुटतात आणि आतलं पाणी उथळ, निवांत राहतं. दक्षिणेला ग्री-ग्रीपाशी मात्र ही भिंत तुटते आणि समुद्र थेट कड्यावर येऊन आदळतो. एकाच बेटावर पाण्याचे हे दोन स्वभाव तिला बघायचे होते.

कधी जायचं, हे ठरवायला आठवडा गेला. आपला पावसाळा म्हणजे तिथला हिवाळा. तेव्हा आग्नेयेच्या वाऱ्याने पूर्व किनारा गारठतो. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे. तिच्या मनात होतं गणेश चतुर्थीला जावं. तिथे त्या सणाची सार्वजनिक सुट्टी असते, तिथली मराठी माणसं वाजतगाजत विसर्जनाला निघतात आणि झाकरी नाचतात. कोकणातली जाखडीच ती, नाव थोडं बदललेली. पण घरचा गणपती सोडून जायचं कसं? चिपळूणच्या माणसाला ते जमणारं नव्हतं.

उत्तर मिळालं ते एका तारखेत. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून छत्तीस करारबद्ध मजूर पोर्ट लुईला उतरले. गुलामगिरी संपत आली होती आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख मजूर त्या बंदरात आले. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले. मुंबई बंदरातून बोटीत बसलेल्यांत कोकणातले होते. नोंदवहीत प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. पुष्कळदा बापाचं पहिलं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. काकांना भेटलेल्या हमालाचं गाव कुठे हरवलं असेल, याचा अंदाज तिला पन्नास वर्षांनी आला. त्या नोंदी मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. मजूर उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे आणि २ नोव्हेंबरला देशभर सुट्टी असते. तेव्हा हवा उबदार असते, वादळं यायची असतात.

आता वहीच्या शेवटच्या पानावर बेत लिहिला आहे. विमानतळ आग्नेयेला, पोर्ट लुई वायव्येला, म्हणून पहिली रात्र महेबूरला, किनाऱ्यालगत. २ तारखेला घाट, तिथल्या सोळा पायऱ्या. सुट्टीमुळे पोस्ट बंद, म्हणून दुसऱ्या दिवशी ब्लू पेनी संग्रहालय. १८४७ च्या मूळ तिकिटांवर तिथे थोडाच वेळ दिवा लावतात, ती वेळ आधी विचारून घ्यायची. मग पोस्टात जाऊन तिकीट घ्यायचं, मिळालं तर डोडोचं, आणि एक कार्ड पाठवायचं.

त्याखाली पत्ता आहे चिपळूणचा. काका आता नव्वदीत आहेत. अक्षरं दिसत नाहीत, म्हणून तिने त्यांच्या सुनेला सांगून ठेवलंय, कार्ड आलं की मोठ्याने वाचून दाखव.