साखळी आणि चषक

शिक्षणासाठीं आमच्याकडे बुलढाण्यास राहणारा भाचा हिवाळी परीक्षेंत एका विषयांत नापास झाला, तेव्हां महिनाभर आम्ही त्याच्याशीं बोललों नाहीं. पुढें व्याख्यानानिमित्त कोल्हापुरास जाणें झालें. ताईच्या आग्रहास्तव त्यालाही बरोबर घेतलें.

तेथें शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम व दिलबहार तालीम यांचा सामना होता. कुस्तीच्या तालमींचीं नांवें फुटबॉलच्या संघांनीं मिरवावीं, याची आम्हांस मोठी मौज वाटली. हरलेल्या संघाचे कैवारी असलेले एक वृद्ध गृहस्थ स्वस्थपणें शेंगा सोलीत होते. आम्हीं सहानुभूति दर्शविली, तों ते म्हणाले, "पावणं, ही साखळी हाय. फुडचा सामना हाय की!"

साखळींत विजयास ३ गुण, बरोबरीस १, पराभवास शून्य. परंतु बाहेर कोणी जात नाहीं. चषकांत एकदां हरलें कीं संपलें. कीर्ति मात्र चषकाचीच. १९११ सालीं मोहन बागाननें ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २-१ असें नमवून शील्ड जिंकली, तें आम्ही वर्गांत रंगवून सांगतों. खेळाडू घडतो तो साखळींत. आणि आम्हीं घरच्या मुलास चषकाच्या नियमानें बाद केलें होतें!

परतीच्या गाडींत आम्हीं विचारलें, "उन्हाळी परीक्षेचा अर्ज भरलास ना?"

"मुदत गेल्या आठवड्यांत संपली, मामा. फीसाठीं तुम्हांस विचारण्याचा धीर झाला नाहीं."

आम्ही निरुत्तर झालों. आतां हिवाळी परीक्षेची तारीख आम्हीं स्वतःच्या टिपणवहींत लिहून ठेविली आहे.