नाकाला न कळणारें

अन्न चांगलें कीं बिघडलेलें, हें ठरविण्याचा अधिकार आमच्या वर्ध्याच्या घरांत आजीच्या नाकाकडे असे. दूध नासलें, आमटी आंबली, तूप खवट झालें, हें तिला झांकण काढतांच कळे. आणि तिच्या निकालावर अपील नसे.

परंतु नाकाच्या सत्तेलाही सीमा आहे. १९६० सालीं इंग्लंडांत सुमारें एक लाख टर्की पक्षी मेले. शोधाअंतीं दोष त्यांच्या खाद्यांतील भुईमुगाच्या पेंडीचा ठरला. तीवरील बुरशीनें जें विष निर्माण केलें, त्या अफ्लाटॉक्सिनला वास नाहीं, चव नाहीं, आणि घरच्या शिजविण्यानें तें नाहींसें होत नाहीं. तें ओळखूं आलें प्रकाशामुळें. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून तें निळा किंवा हिरवा प्रकाश बाहेर टाकतें. या रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच त्याच्या प्रकारांना ‘बी’ आणि ‘जी’ हीं नांवें मिळालीं.

वर्धेकरांनीं ही गोष्ट विशेष मनावर घ्यावी. १९३४ मध्यें स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचें ठाणें येथील मगनवाडींत होतें. त्या कार्यांत झवेरभाई पटेल यांनीं तेलघाणी सुधारली आणि ‘वर्धा घाणी’चें नांव झालें. घाणीचें तेल आम्हांसही प्रिय आहे. पण कारखान्यांतील शुद्धीकरणांत क्षारांच्या प्रक्रियेनें हें विष बहुतेक निघून जातें. घाणीच्या तेलाला ती चाळणी नाहीं. दाणा जसा, तसें तेल. शिवाय बरेंचसें विष पेंडींत उरतें, पेंड गाईपुढें जाते, आणि त्याचेंच एक रूप दुधांतून मुलाच्या पेल्यांत उतरतें. बुरसलेला दाणा माणसांनीं खाऊं नये, गुरांना घालावा, ही आमच्याकडील काटकसर म्हणूनच घातक ठरते.

आतां प्रयोगशाळांतून असेही चमकणारे रंग तयार झाले आहेत, कीं मासळी कुजूं लागतांच निघणाऱ्या वायूनें कागदी पट्टीवरील त्यांची चमक बदलते. तथापि प्रत्येक चमक हा पुरावा नसतो. बुरसलेल्या मक्याची हिरवट-पिवळी चमक कोजिक आम्लापासून उद्भवते, खुद्द विषापासून नव्हे. ती केवळ इशारा देते, आणि पुढची तपासणी रसायनशाळेंतच करावी लागते.

असा दिवा घरोघरीं नाहीं. पण शेंगा खडखडीत वाळविणें, ओल्या पोत्यांत न भरणें, सुरकुतलेला, काळवंडलेला दाणा निवडून काढणें, हें प्रत्येक घराला साधण्यासारखें आहे. अन्न टाकूं नये ही शिकवण आम्हांस मान्यच आहे. परंतु असा दाणा निःशंकपणें टाकावा, आणि तो गाईच्या दावणींतही जाऊं देऊं नये.