मागायला शिकणं

कुणापुढे हात पसरायचा नाही, हे माझ्या माहेरी वेगळं शिकवावं लागलं नाही. माण तालुक्यातलं घर, आणि आम्हाला वाढवणारी माणसं 1972 च्या दुष्काळातून निघालेली. शेजारून वाटीभर साखर आणली, तर परत करताना वाटीला शीग लागलेली असायची. दुखणं घरातलं घरात सोसायचं, वेशीवर काही टांगायचं नाही. अशा घरातल्या बाईला पुढे मुलगा होतो, हाक मारली तरी तो वळून बघत नाही, आणि एक दिवस साताऱ्याहून पहाटेची एसटी धरून पुण्यात एका अनोळखी बाईंसमोर बसावं लागतं. ‘सांगा,’ त्या म्हणतात. कुठून सांगायचं?

तोवर घरातले उपाय झालेलेच असतात. ‘मुलगे उशिरानंच बोलतात, याचा बाप तरी कुठे लवकर बोलला होता,’ असं म्हणत सासूबाई वेखंड उगाळून त्याच्या जिभेला लावायच्या. त्यात माया होती, राग धरावा असं काही नव्हतं. जिव्हारी लागलं ते दुसरंच. एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी सहज म्हणालं, ‘तू नोकरीला जातेस, पोराच्या वाट्याला आईच येत नाही, म्हणून हे सगळं.’

हे वाक्य एके काळी शास्त्राच्या नावाखाली खपत होतं. अमेरिकेत ब्रुनो बेटलहाइम यांनी 1967 साली अख्खं पुस्तक लिहून स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) खापर आईच्या थंडपणावर फोडलं आणि ते पुस्तक गाजलंही. त्याच्या तीन वर्षं आधीच बर्नार्ड रिमलँड यांनी स्वमग्नतेचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत शोधावं लागेल, आईच्या वागण्यात नव्हे, असं मांडलं होतं. रिमलँड मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. लंडनमध्ये 1962 साली काही पालकांनी मिळून संस्था काढली, त्यांत लोर्ना विंग होत्या. मनोविकारतज्ज्ञ, आणि स्वमग्न मुलीची आई. दिल्लीत 1991 मध्ये ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ सुरू करणाऱ्या मेरी बरुआ याही अशाच एका मुलाच्या आई. आज आपण ज्यांच्याकडे तज्ज्ञ म्हणून जातो, त्यांच्या विद्येत आईबापांनी मागितलेल्या, न मिळालेल्या आणि मग स्वतःच उभ्या केलेल्या मदतीचा मोठा वाटा आहे. हे कळलं आणि दार वाजवताना मान खाली घालायचं कारण उरलं नाही.

तपासणीत पुण्याच्या त्या बाईंनी मुलाकडे पाहिलं तितकाच वेळ मला विचारलं. आपल्याकडच्या ‘आयसा’ या मोजपट्टीत 40 मुद्दे असतात, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. नजरेला नजर देतो का, आवाज सहन होतात का, बदल झाला की बिथरतो का. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच, वाफेची नुसती फुसफुस ऐकून तो कान झाकतो. फ्रीज उघडायचा असला की माझं मनगट धरून दांडीवर नेऊन ठेवतो, माझ्याकडे मात्र बघत नाही. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. मनगटाचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘म्हणजे त्याला मागायचंय,’ त्या म्हणाल्या, ‘फक्त कुणाला मागायचं ते अजून उमगलेलं नाही. हाताला मागतोय, तुम्हाला नाही.’

मग मागणं शिकवायचा वर्ग सुरू झाला. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 साली डेलावेअरमध्ये बसवलेली, चित्र देऊन वस्तू मागायची ही पद्धत. लहानशा टेबलापलीकडे शिकवणाऱ्या ताई, त्यांच्या हातात राजगिऱ्याची चिक्की. टेबलावर चिक्कीच्या फोटोचं लॅमिनेट केलेलं कार्ड. मुलाच्या पाठीमागे मी. तो चिक्कीकडे झेपावला की त्याचा हात मागून हळूच कार्डाकडे वळवायचा, कार्ड ताईंच्या तळव्यात ठेवायला लावायचं. त्याच क्षणी चिक्की त्याची. अट एकच, ‘काय हवं?’ असं कुणीही विचारायचं नाही. त्याच्या ओठावर यायच्या आधी सगळं पुढ्यात ठेवायची सवय असलेल्या आईला ही शिक्षाच. पण हळूहळू माझा हात हलका होत गेला आणि मग उरलाच नाही. पुढच्या पायरीला ताई टेबलापासून उठून खिडकीपाशी गेल्या, नंतर पाठ फिरवून उभ्या राहिल्या. आता त्याला उठायचं होतं, चालत जायचं होतं, कार्ड घेणारं माणूस शोधायचं होतं. तो गेला. ताईंचा पदर ओढला आणि कार्ड दिलं.

त्याच्याबरोबर आम्हीही मागायला लागलो. नवऱ्यानं कचेरीत कामाची वेळ बदलून मागितली. मी शाळेकडे मधल्या सुट्टीच्या गोंगाटाआधी त्याला वर्गाबाहेर काढायची परवानगी मागितली. एक शाळा नाही म्हणाली, दुसरी हो म्हणाली. अपंगत्वाच्या 2016 च्या कायद्यात स्वमग्नता आहे, म्हणून दाखला मागितला. ‘निरामय’ या सरकारी योजनेतून वर्षाला लाखापर्यंत विम्याचं संरक्षण मिळतं, त्यासाठी अर्ज भरला. काय मागायचं नाही, तेही शिकलो. स्टेम सेलनं मूल बरं करून देतो म्हणणारे फोन येतात. देशाच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्वमग्नतेसाठी तो उपचार संशोधनाच्या बाहेर देताच येत नाही, एवढं ठाऊक असलं की फोन ठेवायला वेळ लागत नाही.

आता तो अठराचा होईल. कायद्यानं सज्ञान. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागेल. अशा कुठल्याही घरात रात्री दिवे मालवल्यावर एकच बोलणं निघतं, ‘आपल्यानंतर याचं कसं?’ त्याचं पुरतं उत्तर कुठल्याच अर्जात नाही.

पण परवा कोपऱ्यावरच्या दुकानात तो एकटा आत गेला आणि मी पायरीशी थांबले. गल्ल्यावर नवा मुलगा होता. यानं पाकिटातून दुधाच्या पिशवीचं कार्ड काढून पुढे केलं. तो गोंधळला, माझ्याकडे बघायला लागला. मी काही बोलले नाही. मग त्यानं कार्ड घेतलं, वाचलं, पिशवी दिली.

मागायचं कसं ते आमच्या मुलाला येतं. त्यासाठी तज्ज्ञ लागले, वर्षं लागली, आमचा जुना ताठा सोडावा लागला. पुढे केलेलं कार्ड घ्यायला मात्र कुठलीच पदवी लागत नाही. आमच्यानंतरची व्यवस्था म्हणतात ती निम्मी कागदावर असेल. उरलेली निम्मी गल्ल्यावर, एसटीच्या दारात, बँकेच्या खिडकीत बसलेल्या माणसांकडे आहे. ती त्यांच्याकडे मागायला आता मला लाज वाटत नाही.