पी. पी. नंबर

नव्वदच्या दशकात रांजणगावातल्या लग्नपत्रिकांवर, दुकानांच्या पावत्यांवर, पोरांच्या नोकरीच्या अर्जांवर जो फोन नंबर छापलेला किंवा लिहिलेला असायचा, तो बहुतेक वेळा स्वतःचा नसायचा. नंबरापुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरं असत. फोन किराणा दुकानात, पण त्या एका नंबरावर अख्ख्या आळीचे निरोप यायचे. मुंबईहून कुणाचा फोन आला की दुकानदारकाका नाव विचारून घ्यायचे, “दहा मिनिटांनी परत लावा” म्हणायचे आणि समोर दिसेल त्या पोराला पिटाळायचे. त्या पोरांत मीही असायचो. बाहेरच्या माणसाला आमच्या आळीतली घरं माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याला एक नंबर आणि एक नाव पुरायचं. बाकीचं दुकानात ठाऊक असायचं.

एका नंबरामागे अनेक घरं ही गोष्ट तेव्हापासून माझ्यासोबत आहे. आज माझ्या घरात एकाच राउटरला चार सर्व्हर जोडलेले आहेत आणि त्या चौघांना नांदवताना मी दुकानदारकाकांचंच काम करतो.

मधला टप्पा कारखान्याचा. पुणे-नगर रस्त्यालगत एमआयडीसी आली आणि बाजरीच्या रानात फ्रिज, टीव्ही, मोटारी तयार व्हायला लागल्या. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून मी एका कंपनीत मेंटेनन्सला लागलो. तिथं पहिल्यांदा मोठं कंट्रोल पॅनल उघडून पाहिलं. आत शेकडो वायरी, पण प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना पिवळं फेरूल आणि त्यावर सारखाच नंबर. दाराच्या आतल्या खिशात ड्रॉइंग. आमचे सुपरवायझर म्हणायचे, “वायर जोडणारा घरी गेला तरी रात्रपाळीवाल्याला पॅनल वाचता आलं पाहिजे.” हे वाक्य मी आजवर सोडलेलं नाही. पुढे मशीनही नेटवर्कवर आली. प्रत्येक पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, ठरलेला आयपी पत्ता असे. तोच पत्ता चुकून दुसऱ्या यंत्राला दिला गेला की दोघांचं बोलणं तुटायचं आणि चालू लाइन थांबायची. पत्ता ही किती महत्त्वाची चीज आहे, हे मला पुस्तकाआधी शॉप फ्लोअरने शिकवलं.

घरी ब्रॉडबँड आलं तेव्हा एक जुना डेस्कटॉप पडून होता. आमच्या अण्णांच्या भजनी मंडळाच्या कॅसेट बुरशी धरू लागल्या होत्या. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार यांचे कागद घड्यांवर फाटत होते. डेस्कटॉपवर मी डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकली, फाइल वाटणारं साम्बा बसवलं आणि घरातल्या कुठल्याही संगणकावरून उघडेल असं एक सामाईक कपाट तयार झालं. साम्बाची सुरुवात ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास केली. इतकी वर्षं जगभरची माणसं ते सांभाळत आली, म्हणून रांजणगावातल्या एका माळ्यावर ते फुकट चालू शकलं. याबद्दल माझ्या मनात खरी कृतज्ञता आहे.

मग एकाचे चार झाले. २०१२ साली बाजारात आलेला रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक अगदी थोड्या विजेवर चालतो. तो मी नावं-पत्ते सांगायच्या कामाला लावला. फोटो आणि भजनं यांच्यासाठी एक वापरलेला मिनी पीसी घेतला. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग चौथ्या यंत्रावर गेलं. सगळं एकाच मशीनवर का नाही, असं बरेच जण विचारतात. कॅमेऱ्याची हार्ड डिस्क रात्रंदिवस लिहीत असते, ती लवकर थकते. तिच्याशेजारी जमिनीचे कागद ठेवू नयेत. शिवाय एक अपडेटसाठी बंद केला तरी बाकीचे तीन चालू राहतात.

चार यंत्रं एका जाळ्यात आणली की पहिला प्रश्न पत्त्यांचा. राउटर पत्ते आपणहून वाटतो, पण सर्व्हरचा पत्ता आज एक आणि उद्या दुसरा असून भागत नाही. म्हणून प्रत्येकाच्या नेटवर्क कार्डाचा मॅक क्रमांक राउटरमध्ये नोंदवून पत्ता कायमचा बांधून दिला: १९२.१६८.१.११ पासून १४ पर्यंत. पत्ते वाटणारा जाळ्यात एकच असावा, हा दुसरा नियम. दोघं वाटायला लागले तर कुणाला कुठला मिळेल, याचा भरवसा राहत नाही. तिसरं म्हणजे नाव. कोठार, दप्तर, भजन, पहारा अशी चौघांची नावं ठेवली. पुढे ‘होम डॉट आर्पा’ हे शेपूट जोडलं, जे २०१८ मध्ये खास घरगुती जाळ्यांसाठी राखून ठेवलं गेलं. आई आकडे लक्षात ठेवत नाही, पण ‘भजन’ म्हटलं की तिला कळतं.

आता बाहेरचा प्रश्न. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते फक्त घराच्या आत चालतात. नव्वदच्या दशकात असे तीन पट्टे खाजगी वापरासाठी वेगळे काढले, त्यातला हा एक. त्यामुळे माझ्या घरी जो पत्ता आहे तोच नागपूरच्या आणि न्यूयॉर्कच्या घरातही असू शकतो. जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांची संख्या सुमारे ४२९ कोटी, ती जगाला पुरणार नव्हतीच. म्हणून बाहेरच्या जगाला अख्खं घर एकाच पत्त्यावर दिसतं. नाशिकहून ताईने फोटो मागितले किंवा पुण्याहून भावाने जमिनीचा कागद मागितला, तर दोन्ही मागण्या राउटरच्या त्याच दारात येतात आणि दोन्ही ४४३ या पोर्टवर, म्हणजे वेबसाठी ठरलेल्या खिडकीवर, येतात. राउटरला एक पोर्ट एकाच यंत्राकडे वळवता येतं. मग दुसऱ्याचं काय?

इथं दुकानदारकाकांची पद्धत उपयोगी पडते. दारातली प्रत्येक मागणी एकाच यंत्राकडे पाठवायची आणि त्याने नाव वाचून पुढे धाडायचं. याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. माझ्याकडे हे काम एनजिनएक्स हे सॉफ्टवेअर करतं. ब्राउझरने कुठल्या नावाची साइट हवी ते प्रत्येक मागणीत लिहिलंच पाहिजे, हा नियम १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये आला. कुलूपबंद संभाषणात सुरुवातीलाच नाव सांगायची सोय त्यानंतर झाली. या दोन गोष्टींवर आज एका पत्त्यावरच्या असंख्य वेबसाइट उभ्या आहेत आणि माझे सर्व्हरही.

दार उघडं असणं म्हणजे काय, तेही एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावं. मी एक रिकामं यंत्र मुद्दाम पोर्ट २२ वर, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या खिडकीवर, बाहेर उघडं ठेवलं आणि त्याची नोंदवही वाचत बसलो. थोड्याच वेळात ओळी सरकू लागल्या. रूट, अॅडमिन, टेस्ट, पाय अशी नावं आणि त्यामागे चुकीचे पासवर्ड, ज्या पत्त्यांशी माझा कधी संबंध आला नाही तिथून. त्या ओळींमागे माणूस क्वचितच असतो. यंत्रंच रात्रंदिवस जगातली दारं ढकलून पाहत असतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो विंडोजच्या फाइल-वाटपातल्या खिंडारातून, पोर्ट ४४५ वरून. साम्बाही त्याच पोर्टवर बोलतं. ते घराच्या आतच शोभतं, त्याला रस्त्यावर उभं करू नये.

फायबर आल्यावर आणखी एक बदल झाला. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १०० ने सुरू होऊ लागला. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये सेवा देणाऱ्यांसाठी राखला गेला. ते अनेक ग्राहकांना मिळून एकच खरा पत्ता देतात. म्हणजे माझा राउटरही आता दुसऱ्याच्या नंबरावर आहे आणि बाहेरून आत येणारी मागणी माझ्यापर्यंत पोचतच नाही. उपाय उलटा आहे. घरातून बाहेर जाता येतं, तेव्हा घरातल्या यंत्रानेच बाहेर भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड या सॉफ्टवेअरने कुलूपबंद बोगदा खणायचा आणि घरच्यांनी आपापल्या किल्लीने त्या बोगद्यातून यायचं. मार्च २०२० मध्ये वायरगार्ड लिनक्सच्या गाभ्यातच सामील झाला, त्यामुळे हे सोपं झालं. आता माझ्या राउटरवर बाहेरून उघडं असं एकही पोर्ट नाही.

या सगळ्याचा उपयोग काय, हे मला भाद्रपदात विशेष जाणवतं. महागणपतीच्या यात्रेला गावात माणूस मावत नाही आणि मोबाइलचं जाळं कोंडून जातं. बाहेरगावचे नातेवाईक घरात उतरलेले असतात. अशा वेळी बाहेरचं इंटरनेट असो वा नसो, घरातल्या जाळ्यावर अण्णांच्या आवाजातली काकड आरती लागते, जुन्या यात्रेचे फोटो टीव्हीवर येतात. ते सगळं माळ्यावरून खाली येत असतं, परदेशातल्या कुठल्या केंद्रातून नाही. वीज गेली तरी इन्व्हर्टरवर राउटर आणि पाय बराच वेळ टिकतात.

माळ्यावरच्या फळीवर आजही प्रत्येक नेटवर्क केबलच्या दोन्ही टोकांना पिवळं फेरूल आहे. शेजारी खिळ्याला एक वही टांगली आहे: कुठल्या यंत्राचा पत्ता काय, नाव काय, काम काय, वीज गेल्यावर कोण आधी सुरू करायचं, प्रत कुठं ठेवली आहे. प्रती तीन आहेत: मूळ एक, वेगळ्या डिस्कवर दुसरी आणि भावाकडे पुण्यात तिसरी. एका डिस्कचं दुसरीत आपोआप उतरणारं प्रतिबिंब मी प्रत मानत नाही, कारण खोडलेली फाइल तिथूनही त्याच क्षणी खोडली जाते. पासवर्ड वहीत नाहीत. ते बंद पाकिटात, दागिन्यांच्या डब्यात आहेत. माझी मुलगी ही वही वाचून चारही सर्व्हर बंद-चालू करते.

घरात सर्व्हर ठेवायचा विचार असेल तर अवश्य ठेवा. जुना संगणक पुरतो, बाकीचं शिकता येतं. पण दुसरा सर्व्हर घेण्याआधी पहिल्याची वही लिहा आणि ती घरातल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून, चालवून घ्या. जे कागद, जे आवाज आपण घरच्यांसाठी जपतो, ते आपल्या माघारी घरच्यांना उघडता आले पाहिजेत.